मे महिन्याचं बिल आणि वर्ध्याचं ऊन

आर्वी असो की हिंगणघाट, देवळी असो की सेलू, जूनच्या सुरुवातीला शेजाऱ्यापाजाऱ्यांत एक विचारणा हमखास चालते: ‘तुमचं किती आलं?’ एकजण सांगतो सत्तावीसशे, दुसरा सांगतो अठ्ठावन्नशे, आणि तिसऱ्याचं नऊशेच्या आत असलं तर बाकीचे त्याच्याकडे संशयानं पाहतात. मग मीटर वेगानं पळतं का, रीडिंग नीट घेतलं होतं का, यावर चर्चा होते. मीटरची तक्रार कधी खरीही असते. पण बहुतेक वेळा तुलनाच चुकलेली असते. घरात माणसं किती, डोक्यावर कवेलू आहेत की उघडी गच्ची, बिल किती दिवसांचं, कूलर किती तास चालला, यातलं काहीच न विचारता फक्त रुपयांची तुलना होते.

रुपये आणि युनिट एका चालीनं वाढत नाहीत, हे सगळ्यांत आधी ध्यानात घ्यावं लागतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. 2024-25 या वर्षाचे दर घेऊ. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 पर्यंत 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 पर्यंत 14 रुपये 55 पैसे आणि त्यापुढे 16 रुपये 64 पैसे. प्रत्येक युनिटामागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार वेगळा. शिवाय स्थिर आकार, कधी वर तर कधी खाली जाणारा इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण टप्प्यांची ही चढण तशीच राहते. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात पाऊल पडलं की युनिटाची किंमत जवळपास दुप्पट होते. महिन्याचं पहिलं युनिट आणि शेवटचं युनिट एकाच तारेतून येतात, पण एका भावानं येत नाहीत.

आता एक साधं घर धरू. चार माणसं, तीन पंखे, एक फ्रिज, टीव्ही, दिवे, पाण्याची छोटी मोटर. फेब्रुवारीत पंखे मोजकेच तास फिरतात, म्हणून वापर 90 युनिटांच्या आसपास राहतो. स्थिर आकार ढोबळ 130 रुपये धरला आणि इंधन समायोजन बाजूला ठेवलं, तर बिल येतं साधारण 765 रुपये. तेच घर मे महिन्यात पाहू. 75 वॉटचे तीन पंखे रोज 14 तास फिरले की महिन्याचे 95 युनिट होतात. फ्रिज, दिवे आणि इतर मिळून 50. कूलरचा पंखा 200 वॉटचा आणि पंप 30 वॉटचा, तोही रोज 14 तास, म्हणजे आणखी 97. एकूण 242 युनिट आणि बिल 2,720 रुपये. वापर पावणेतीनपट झाला, बिल मात्र साडेतीनपटीहून वर गेलं. या घरात कोणी चैन केलेली नाही. वर्ध्यातला मे महिना फक्त काढला आहे.

शेजारच्या घरी सगळं हेच आहे, पण दुपारी सहा तास कूलर आणि रात्री आठ तास एसी चालतो. एसीचे सरासरी तासाला एक युनिट धरले तर महिन्याला 240 युनिट होतात. एकूण वापर 426 युनिटांवर जातो आणि बिल 5,790 रुपयांच्या घरात. पहिल्या घरापेक्षा वापर पाऊणपटीनं जास्त, बिल दुपटीहून जास्त. कारण या घराचे शेवटचे सव्वाशे युनिट तिसऱ्या टप्प्यातले आहेत आणि शुल्क धरून त्यातलं प्रत्येक युनिट 18 रुपयांहून महाग पडतं.

मग कूलर स्वस्त आणि एसी महाग, एवढ्यावर विषय संपतो का? संपत नाही. वर्ध्यात पारा 45 अंशांवर असतो आणि हवेतली आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा ओल्या ताटीतून आलेली हवा तत्त्वतः 24 अंशांपर्यंत थंड होऊ शकते. चांगला कूलर 28 ते 29 अंशांची हवा देतो, तीही 230 वॉटमध्ये. मुंबईत मे महिन्यात पारा 34 अंशांच्या पुढे फारसा जात नाही, पण हवा आधीच ओली असते. तिथे हाच कूलर फक्त दमटपणा वाढवील. विदर्भाचं कोरडं ऊन माणसाला भाजून काढतं, आणि तोच कोरडेपणा कूलरला ताकद देतो. त्यासाठी समोरची खिडकी मात्र उघडी हवी. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीचा कोंडवाडा होतो. नवतपा सरून मृगाचा पाऊस पडला की हवेत ओल येते आणि कूलरची ताकद संपते. उकाडा मात्र जात नाही. म्हणूनच काही घरांचं जूनचं बिलही फारसं उतरत नाही.

कूलरचा आणखी एक खर्च वीजबिलात छापलेला नसतो. तो पाण्याचा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा युनिटाच्या दोन तृतीयांशाइतकी उष्णता शोषून घेतं. म्हणजे थंडावा खरा देतं ते पाणी, वीज फक्त हवा ढकलते. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहाएक लिटर पाणी सहज संपवतो. दिवसाला शंभर लिटरच्या पुढे. जलजीवन मिशननं ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. एक कूलर दोन माणसांचं पाणी पितो, आणि तेही नळाला पाणी कमी येतं त्याच महिन्यांत. ज्या घरी टँकर विकत घ्यावा लागतो तिथे कूलरचा हिशेब विजेपुरता मांडणं हा अर्धाच हिशेब. धाम नदीवर अवलंबून असलेल्या वर्धेकरांना हे वेगळं सांगायला नको.

एसीवरच्या ताऱ्यांचाही एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात ते 1,600 तासांच्या वापराचे असतात, आणि ते काढताना बाहेरचं तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान धरलेलं असतं. वर्ध्याची मे महिन्यातली दुपार त्या मापाच्या बाहेर पडते. बाहेर 35 अंश आणि खोलीत 26 हवे असतील तर यंत्राला नऊ अंशांचा फरक पेलायचा असतो. बाहेर 46 झाले की तो वीस अंशांचा होतो. खोलीत शिरणारी उष्णता वाढते आणि ती बाहेर फेकायलाही जास्त जोर लागतो. म्हणून लेबलवरच्या आकड्यांनी पुणेकर आणि वर्धेकर सारखाच हिशेब करू लागले तर वर्धेकर फसतो. पाच तारे नक्की घ्यावेत, पण ते युनिट इथे छापल्यापेक्षा जास्त पडणार हे धरूनच. तापमान एक अंशानं वर ठेवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोच सांगतो. पंखा सुरू ठेवून 26 किंवा 27 अंशांवर झोपणाऱ्या माणसाला काही गमवावं लागत नाही.

वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यांत महाग टप्प्यातलं असतं, याकडे अजून फार थोड्या घरांचं लक्ष गेलं आहे. तीन जुने पंखे काढून 30 वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर मे महिन्यात 57 युनिट वाचतात. वरच्या कूलरच्या घरात हे 57 युनिट दुसऱ्या टप्प्यातले असल्यानं साडेसातशे रुपये वाचतात. एसीच्या घरात हेच पंखे हजार रुपये वाचवतात. तीन पंख्यांना नऊएक हजार लागतात आणि दोन-तीन वर्षांत ते वसूल होतात. यंत्रात घातलेला पैसा इतक्या लवकर परत येण्याची उदाहरणं घरात दुसरी फारशी नाहीत.

यंत्रांच्या आधी मात्र घराकडे पाहायला हवं, आणि त्यासाठी वर्धेकरांना लांब जावं लागत नाही. महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 ला शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. ते दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. आदिनिवास आणि बापूकुटी स्थानिक साहित्यातून उभ्या राहिल्या: जाड मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, कवेलूंचं उतरतं छप्पर आणि भिंतीवर ऊन पडू न देणारी खोल छपरी. मे महिन्याच्या दुपारी कुटीत पाऊल टाकणाऱ्याला तो फरक कातडीनं कळतो. पुढे 1976 मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं आणि माती व स्थानिक साहित्यातून स्वस्त, टिकाऊ घर कसं बांधता येईल यावर तिथे काम झालं. ज्ञान दाराशी होतं, तरीही गेल्या तीस-चाळीस वर्षांत जिल्हाभर कवेलू उतरले आणि सिमेंटच्या गच्च्या चढल्या. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. माकडांनी कवेलू फोडले, ते फेरणारी माणसं मिळेनाशी झाली, आणि पक्कं घर ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पण उघडी गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहते. रात्री दोन वाजता एसी झुंजत असतो तो या गच्चीशी.

गच्चीला पांढरा चुना देणं हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय. अहमदाबादनं 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे पांढऱ्या छपरांची मोहीम त्याचा भाग झाली. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. वर्ध्यातल्या नगरपालिकांना आणि ग्रामपंचायतींना हे अशक्य नाही. मार्चमध्ये चुना, एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर गोणपाट किंवा हिरवी जाळी, एवढं घरकुलाच्या घरालाही परवडतं. ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवर सौर पॅनेल जरूर बसवावेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे, एका किलोवॉटमधून महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट मिळतात, आणि गच्चीला सावली मिळते ती वेगळी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मात्र यातलं काही मिळत नाही.

इतकं सगळं केलं तरी एक अन्याय शिल्लक राहतो आणि तो दरांच्या रचनेत आहे. महावितरणचे टप्पे राज्यभर सारखे आहेत. महाबळेश्वरला मे महिन्याची दुपार तिशीच्या आसपास असते, वर्ध्यात पंचेचाळीसच्या. दोन्हीकडे स्वस्त युनिट शंभरच. तिथे शंभरात महिना निघू शकतो. इथे पंखे आणि फ्रिजनंच शंभरी ओलांडलेली असते. गरजेपुरती वीज स्वस्त असावी हा पहिल्या टप्प्यामागचा विचार योग्यच आहे. पण गरज हवामानावर ठरते, आणि दरपत्रकाला ते ठाऊक नाही.

हे बदलता येतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात स्वस्त दराच्या युनिटांचं प्रमाण हवामानाच्या विभागानुसार आणि ऋतूनुसार ठरतं. त्यामुळे समुद्रकाठच्या थंड सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा आतल्या तापलेल्या फ्रेस्नोतल्या घराला उन्हाळ्यात जास्त युनिट स्वस्त मिळतात. आपला कायदाही आड येत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 62 च्या तिसऱ्या पोटकलमात दर ठरवताना भेद करण्याची जी कारणं मान्य केली आहेत, त्यांत प्रदेशाचं भौगोलिक स्थान स्पष्ट लिहिलेलं आहे.

तिजोरीवर फार भार नको असेल तर दुसरा मार्ग आहे. पहिला टप्पा महिन्याला 100 युनिट असा न मोजता वर्षाला 1,200 असा मोजावा. एखाद्या घरानं आठ महिने 80 युनिटच वापरले तर त्याचे 160 स्वस्त युनिट आज वाया जातात. ते मे महिन्याला जोडले तर हजारेक रुपये वाचतील. छतावर सौर पॅनेल असणाऱ्याचे उरलेले युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढच्या महिन्यात ओढता येतात. जी सोय पॅनेल घेऊ शकणाऱ्याला आहे ती पंख्याखाली झोपणाऱ्याला नाकारण्याचं पटेल असं कारण दिसत नाही.

श्रोतेहो, दर ठरवण्याआधी महाराष्ट्र वीज नियामक आयोग लेखी सूचना आणि हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. पुण्याच्या प्रयास संस्थेसारखे अभ्यासू गट तिथे ग्राहकांची बाजू मांडत आले आहेत, पण उन्हाळ्याचा हा मुद्दा ज्यांच्या अंगावर ऊन पडतं त्यांनीच मांडायला हवा. आज घरी गेल्यावर गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. रुपये बाजूला ठेवा, युनिट आणि दिवस एका कागदावर उतरवा, शेजाऱ्याचेही मागून घ्या. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत गावोगावचे असे कागद गोळा करा, आणि पुढच्या सुनावणीची नोटीस निघेल तेव्हा ते हरकतीला जोडून आयोगाकडे पाठवा.