प्रश्न घेऊन या



पदवीदानाच्या पाहुण्याने झग्याच्या आत घाम फुटायच्या आधी थांबावं, असा एक अलिखित नियम आहे. तो पाळायचा म्हणून मी आज सगळ्यांशी सारखं बोलणार नाही. नोकरीवर रुजू होणाऱ्यांची काळजी त्यांच्या कंपन्या घेतील. पहिल्या दिवशी इंडक्शन होईल, पिशवी मिळेल, बाटली मिळेल. जे एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी याच फाटकातून परत आत येणार आहेत, त्यांचं इंडक्शन सहसा कुणी करत नाही. फी भरायची, ओळखपत्र घ्यायचं, गाईडच्या केबिनबाहेर ताटकळत उभं राहायचं. तर ते राहिलेलं काम मी आज उरकतो. दुसऱ्या कॉलेजांतून येणारे तुमचे नवे सोबती आज इथे नाहीत. त्यांना हे तुमच्याकडून कळेल.

आधी खरं काय ते बोलू. तुमच्यातले काही जण संशोधनाच्या ओढीने परत येताय. काहींना कॅम्पसमध्ये हवी ती कंपनी मिळाली नाही. काहींच्या घरी ‘घरी बसलाय’पेक्षा ‘अजून शिकतोय’ हे उत्तर नातेवाइकांना द्यायला बरं पडतं. यातल्या कशाचीही लाज वाटून घेऊ नका. पैशाचा हिशोब मात्र आत्ताच करून ठेवा. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला आलेल्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. हा आकडा कैक वर्षं जागचा हललेला नाही. शिवाजीनगरातल्या खोल्यांची भाडी मात्र हलली आहेत. तुमच्या शेजारी आज बसलेला मित्र पहिल्याच महिन्यात याच्या कितीतरी पट पगार उचलेल, आणि दिवाळीत मावशी चौकशी करेल ती त्याचीच. दोन वर्षं हे सोसायचं, तर बदल्यात काहीतरी भक्कम पदरात पडायला हवं. ते काय, एवढंच मला सांगायचं आहे.

पुण्याचं हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. सरकारला सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम दर्जाचे अधिकारी हवे होते, म्हणून ते काढलं. रस्ता कुठून न्यायचा, बंधारा कुठे घालायचा हे साहेब ठरवणार. इथून शिकून गेलेला माणूस ते नकाशाबरहुकूम उभं करणार. पुढे नावं बदलली. संलग्नता आधी मुंबई विद्यापीठाची झाली, मग पुणे विद्यापीठाची, आणि २०२२ साली आपण स्वतःच विद्यापीठ झालो. दारावरची पाटी बदलायला एक दिवस पुरतो. प्रश्न वरून येणार आणि आपण तो बिनचूक सोडवायचा, ही सवय जायला किती वर्षं लागतील कोण जाणे. गेली चार वर्षं तुम्हीही तेच केलंत, आणि उत्तम केलंत, म्हणून तर इथे बसला आहात. प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर एक सूचना असायची, आठवते ना? ‘अझ्यूम सूटेबल डेटा’. आता पुढच्या दोन-चार वर्षांत तुम्ही जो डेटा अझ्यूम कराल, त्यातल्या प्रत्येक आकड्याबद्दल व्हायव्हात बाहेरून आलेला परीक्षक विचारणार आहे, की हा कुठून आणलास?

आपल्या कॉलेजचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते विश्वेश्वरय्यांचं. १५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, आपण हार घालतो, भाषणं करतो. एक गोष्ट त्या भाषणांत सहसा येत नाही. ते इथे कोवळे विद्यार्थी म्हणून आलेच नव्हते. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. होऊन, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले. पदवी घेतलेला आणि स्टायपेंडवर जगणारा मुलगा! म्हणजे ते तुमच्याच पंगतीतले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

खात्याने सांगितलेली कामं त्यांनी चोख केली, तशी ती इतरांनीही केली असतील. खडकवासल्याला मात्र त्यांना एक गोष्ट खटकली. दर पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून सहा-आठ फूट उंचीचं पाणी वाहून जायचं, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्याची चणचण भासायची. हे सगळ्यांनाच दिसत होतं. सांडव्यावरून पाणी जायचंच, त्यासाठीच तर तो असतो, असं म्हणून सगळे पुढे जात होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारं बसवली. तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरला की पाण्याच्याच जोराने दारं उघडायची, पूर ओसरला की मिटायची. माणसाने हात लावायची गरज नाही. धरणाची भिंत न वाढवता पाणी सुमारे आठ फूट अधिक चढलं. साल १९०३. त्या जुन्या धरणाचं पुढे १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात काय झालं, ते पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण दारांची ती कल्पना ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर गेली, कृष्णराजसागरावर गेली. हा प्रश्न त्यांना कुठल्याही पेपरात आलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले, १९५६ साली इथून टेलिकम्युनिकेशनचे इंजिनिअर झाले, एमआयटीत डॉक्टरेट केली आणि स्टॅनफर्डला शिकवलं. माहिती सिद्धान्त आणि नियंत्रणशास्त्र शिकणाऱ्याला त्यांचं नाव टाळता येत नाही. चंद्रकुमार पटेल बारामतीचे. तेही इथलेच, १९५८ चे. स्टॅनफर्डहून पीएच.डी. घेऊन ते बेल लॅब्समध्ये गेले आणि तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढला. आज नेमप्लेटच्या दुकानात ॲक्रिलिकच्या तक्त्यावर तुमच्या घराचं नाव कापून देणारं यंत्र असतं ना, त्यात बहुधा तोच लेसर असतो. दोघांचाही आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण अभिमानाच्या भरात एक हिशोब चुकवू नये. दोघांना पदवी आपण दिली. आयुष्यभर पुरेल असा प्रश्न मात्र त्यांना दुसरीकडे मिळाला. त्या काळी इथे तशी सोय नव्हती, हे खरं. आज यंत्रं आहेत, इंटरनेट आहे, जगातला ताजा पेपर रात्री वसतिगृहाच्या खाटेवर वाचता येतो. आता ‘सोय नाही’ हे कारण पूर्वीइतकं चालणार नाही.

आणि तो प्रश्न बेल लॅब्ससारख्या ठिकाणीच सापडतो असंही नाही. मराठवाड्यात नाहीतर विदर्भात मे महिन्यात शेतात उभे राहा. काळ्या मातीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पावसात तीच माती फुगते. या मातीत कालवा खणून अस्तर केलं, की फुगणारी माती ते खालून उचलते, फरशा वाकड्या होतात, सांधे उघडतात आणि पाणी वाटेतच जिरतं. परदेशी पुस्तकात याचं तयार उत्तर असण्याचं कारण नव्हतं. ही माती आपल्या पायाखालची. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी वर्षानुवर्षं या फुगणाऱ्या मातीच्या मागे लागले. त्यांनी दाखवून दिलं की अस्तराखाली न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, आपल्याकडे मुरमाचा म्हणू, साधारण मीटरभर थर दिला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हे वापरलं गेलं, पुढे भारतीय मानकातही आलं. मुरूम तर गावोगाव आहे. तो नेमका कुठे आणि किती जाड घालायचा, हे मोजून पाहणारा माणूस हवा होता.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर टेस्टिंग लॅबमध्ये जाऊ. सिव्हिलच्या मुलांना हे पाठ आहे, बाकीच्यांनी ऐकून घ्या. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे तीन क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनखाली फोडायचे. समजा, दोन क्यूब ३१ आणि ३२ मेगापास्कलला फुटले आणि तिसरा २२ ला. भारतीय मानक सांगतं की सरासरीपासून फरक १५ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर चाचणी पुन्हा करा. बी.टेक.ला अशा वेळी आपण जर्नलमध्ये काय लिहितो, ते इथे पालकांसमोर सांगत नाही. सबमिशनची तारीख उद्याची असते, मागच्या वर्षीचं जर्नल हाताशी असतं आणि २२ चे ३० व्हायला पेनाचा एक फटकारा पुरतो.

एम.टेक. इथे सुरू होतं. तो तिसरा क्यूब टाकून देऊ नका. चाचणी पुन्हा कराच, पण आधी त्याचे तुकडे पाहा. मोल्डच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी गळलं होतं का? तळाशी पोकळी राहिली का? फोडताना थापीने घोटलेली बाजू वर ठेवली होती का? ती बाजू सपाट नसते, म्हणून क्यूब आडवा करून, भरताना बाजूला असलेल्या सपाट पृष्ठांवर दाब द्यायचा असतो. हे पुस्तकात एका ओळीत आहे, पण लॅबमधल्या काकांना ते नुसत्या आवाजावरून कळतं. त्यांच्याशी ओळख वाढवा. प्रबंधाच्या शेवटी आभाराच्या पानावर त्यांचं नाव सगळ्यात खाली येतं; खरं तर ते गाईडच्या लगेच खाली हवं.

गाईडबद्दल थोडंच बोलतो, कारण ते सगळे इथेच बसले आहेत. नाव बघून गाईड निवडू नका. त्यांच्या हाताखालचे आधीचे विद्यार्थी शोधा आणि विचारा, की तुमचा प्रबंध सरांनी किंवा मॅडमनी पूर्ण वाचला होता का? पेपरचंही तसंच. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल्स आहेत, त्यांचे मेल तुम्हाला येतीलच. त्यात छापलेला पेपर तुमच्या आईशिवाय कुणी वाचत नाही, आणि आईही फक्त तुमचं नाव पाहते. शिवाय, ‘सर, किती टक्के सिमिलॅरिटी चालते?’ हा प्रश्न विचारू नका. यूजीसीच्या नियमांत दहा टक्क्यांचा आकडा आहे हे मलाही माहीत आहे. दहा टक्के चोरीला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

एक आपल्याच अंगणातलं उदाहरण देतो. ‘स्वयं’ हा आपल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला उपग्रह. वजन जेमतेम किलोभर. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने जे २० उपग्रह वर नेले, त्यात तो होता. बॅटरी न खर्चता, आत बसवलेल्या चुंबकांच्या जोरावर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी दिशा धरायची, अशी त्याची रचना. ज्या मुलांनी पहिली आकृती काढली, ती उड्डाणाच्या दिवशी केव्हाच पदवी घेऊन गेली होती. एकेका बॅचने पुढच्या बॅचकडे वह्या, सर्किटं आणि फसलेल्या चाचण्यांच्या नोंदी सोपवल्या, म्हणून तो वर गेला. तुमच्या प्रबंधाचंही असंच व्हायला हवं. दोन वर्षांनी कुणी नवखी मुलगी तुमची फाईल उघडेल, तेव्हा तिला २२ ला फुटलेला क्यूबही त्यात सापडू द्या.

आता मी थांबतो. आज घरी जा, पदवी आईवडिलांच्या हातात द्या, फोटो काढा, जेवायला बाहेर जा. आणि जे परत येणार आहेत त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांच्या फाईलमध्ये एक जादा पान ठेवा. तुमच्या गावात, वडिलांच्या कारखान्यात, शेतात किंवा रोजच्या बसच्या रस्त्यावर तुम्हाला खटकलेला एक प्रश्न त्यावर लिहून आणा. मराठीत लिहिलात तरी चालेल. गाईडला भेटाल तेव्हा मार्कशीटच्या आधी ते पान पुढे करा.