कर्ज आधी कागदावर आणा



जवळ कागद-पेन असेल तर घ्या. एक छोटा हिशेब सांगतो. क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, असं धरू. बँकेचा संदेश येतो, ‘किमान देय रक्कम २,५०० रुपये.’ आपण ती वेळेवर भरतो आणि निर्धास्त होतो. आता खाली लिहा. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५ रुपये. अडीच हजारांतून हे दोन्ही वजा करा. उरले ४३५ रुपये. अडीच हजार भरून मुद्दल फिटलं ते एवढंच. शिवाय थकबाकी आहे तोवर त्याच कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्यावर साधारणपणे पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

मी बँकेत बरीच वर्षं कर्जखात्यांचं काम केलं. अडचणीत आलेली जी माणसं समोर बसत, त्यांतली फार थोडी उधळी होती. कुणाच्या घरी दवाखाना निघालेला, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी गेलेली. पण एक गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत सारखी असे. हप्ता किती, हे त्यांना तोंडपाठ असायचं. एकूण देणं किती, असं विचारलं की ते गप्प व्हायचे. आणि घरात माहीत आहे का, असं विचारलं की मान खाली जायची.

माझं सांगणं एवढंच आहे, की कर्ज आधी पूर्णपणे कागदावर यायला हवं आणि तो कागद घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकत्र पाहायला हवा. फेडण्याची सुरुवात तिथून होते.

कर्जाचा कागद वाचता न येण्याचं दुखणं जुनं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा सगळा रोख कर्जरोखे आणि खातेवह्यांवर होता. त्या कागदांत काय लिहिलंय, हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराची मुळापासून तपासणी करण्याची मुभा त्याने न्यायालयांना दिली. आज आपल्याला वाचता येतं. तरीही मोबाइलवर ‘मान्य आहे’ या चौकोनाला बोट लावताना आपण किती वाचतो? मुळापासूनची ती तपासणी आता आपली आपणच करायची आहे.

कागदावर चार रकाने आखा. कुणाचं देणं, मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर किती, महिन्याचा हप्ता किती. सोसायटी, सोनेतारण, कार्ड, अ‍ॅपवरचं कर्ज, दुकानदाराची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, सगळं लिहा. मग सर्वांत महाग कर्जापासून सुरुवात करा. बाकीच्यांचे हप्ते चालू ठेवायचे आणि हाताशी येणारा प्रत्येक जादा रुपया त्या एकावर टाकायचा. महिन्याभराच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला राहू द्या, पण त्याहून मोठी मुदतठेव असेल तर ती मोडा. ठेवीवर वर्षाला सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर बेचाळीस टक्के भरायचे, यात घराचं रोज नुकसान आहे. आणि जुनं कर्ज फेडायला अ‍ॅपवरून नवं कर्ज कृपा करून घेऊ नका.

वसुलीच्या फोनांना घाबरून माणसं भलतीच पावलं उचलतात. म्हणून नियम माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांना तर मुळीच परवानगी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक पैसाही लागत नाही. गावात कुणी विनापरवाना सावकारी करत असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे तक्रार देता येते. कर्ज असणं हा गुन्हा नाही, हे मनाशी पक्कं धरा.

कर्ज फिटलं की ‘काही येणे बाकी नाही’ असा दाखला बँकेकडून लेखी घ्या. आणि आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या तारखेला हप्ता जात होता, त्याच तारखेला तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत जाऊ द्या. घराला त्या पैशांविना भागवायची सवय झालेलीच असते. आपले बरेच मोठे खर्च अचानक येत नाहीत. जून दरवर्षी येतो. गणपती, दिवाळी दरवर्षी येतात. शाळेची फी वर्षाला २४,००० असेल, तर ती महिन्याला २,००० आहे असंच समजून बाजूला काढा. आजारपण मात्र सांगून येत नाही. म्हणून आपल्या भागात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती रुग्णालयं आहेत, हे आजच विचारून ठेवा.

जिथे कमाईच पोटापुरती नाही, तिथे नुसत्या काटकसरीने भागत नाही, हे मला ठाऊक आहे. अशा घराने अ‍ॅपच्या किंवा सावकाराच्या दारी जाण्याआधी बचत गटात जावं. तिथे दर ठरलेला असतो, हिशेब सर्वांसमोर होतो आणि व्याज गटातच राहतं.

उधारीशिवाय जगणं म्हणजे मन मारून जगणं नव्हे. वस्तू घरात येते, फक्त काही महिने उशिरा. पण ती आपली असते आणि पुढच्या पगारावर कुणाचा हक्क नसतो. ज्या घरात मुलांना हिशेब दिसतो, त्या घरातली मुलं सही करण्याआधी वाचायला शिकतात. तेव्हा या रविवारी सगळे एकत्र बसा आणि ते चार रकाने भरा.