वाटांची नावे आणि नावांतली भाषा



'भाषा आणि परिसर' या आजच्या विषयासाठी मी फ्रान्सच्या पश्चिम टोकाचे, ब्रिटनीतले लोक्रोनान हे छोटे गाव निवडले आहे. एकेकाळी जहाजांच्या शिडांचे कापड विणून ते संपन्न झाले. ग्रॅनाइटची जुनी घरे त्याची साक्ष देतात. परंतु आपल्याला गावापेक्षा त्याच्या भोवतीची वाट महत्त्वाची आहे.

दर सहा वर्षांनी, जुलै महिन्यात, येथे सुमारे १२ किलोमीटरचा फेरा पायी पूर्ण केला जातो. ही मोठी 'त्रोमेनी'. मागची २०२५ साली झाली. मधल्या वर्षांत सुमारे निम्म्या अंतराची धाकटी त्रोमेनी निघते. आयर्लंडहून आलेला संत रोनान उपाशीपोटी, अनवाणी याच वाटेने फिरत असे, अशी श्रद्धा आहे. वाटेवर बारा थांबे असतात. जागोजाग खोपी उभारून त्यांत संतांच्या मूर्ती ठेवतात. शेतांतून, वाड्यावस्त्यांजवळून वाट प्लास आर होर्न या टेकडीवर चढते. तिचा काही भाग एरवी वाट नसतोच. यात्रेपुरती शेतातून ती मोकळी केली जाते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक दोनासिएँ लोराँ यांना बारा थांब्यांत प्राचीन केल्टिक कालगणनेची मांडणी दिसली. तो एका अभ्यासकाचा तर्क झाला. वाटेच्या नावाचा पुरावा मात्र आजही बोलतो.

'त्रो' म्हणजे फेरा, 'मिनिही' म्हणजे मठाची अभयभूमी. हे शब्द ब्रेटन भाषेचे. फ्रेंच ही लॅटिनची लेक, तर ब्रेटन ही वेल्शची बहीण. या मुलखातल्या वाड्यांच्या नावांत 'केर' सारखा भेटतो. केर म्हणजे घर, वस्ती. 'लोक' म्हणजे पवित्र स्थान, म्हणून लोक्रोनान. शेजारच्या प्लोनेवे-पोर्झे या गावाच्या नावात 'प्लू' म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव आणि 'नेवेझ' म्हणजे नवा. चालणारा माणूस ही नावे उच्चारतो, तेव्हा नकळत ब्रेटनच बोलत असतो.

पण बोलणारे किती उरले? शाळेत ब्रेटन शब्द तोंडून गेला की मुलाच्या गळ्यात लाकडी जोड्यासारखी वस्तू अडकवत, असा एक काळ होता. १९५१ च्या कायद्याने या भाषेला शाळेत मर्यादित जागा मिळाली. १९७७ पासून लोकांनी 'दिवान' या ब्रेटन माध्यमाच्या शाळा काढल्या. तरीही २०२४ च्या पाहणीत ब्रेटन बोलणारे सुमारे १ लाख ७ हजारच आढळले, आणि त्यांत वृद्धांचा भरणा मोठा. यात्रा टिकली, भाषा आटली. म्हणजे केवळ परंपरा जपल्याने भाषा जगत नाही, हे आपण स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

वाटाही आटल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले. त्यात बांधांवरची झाडी तुटली आणि दोन उंच बांधांमधल्या खोलगट वाटा बुजल्या. अशा वाटेला आपण पाणंद म्हणतो. पाणंद गेली की तिचे नाव घेण्याचे कारणही जाते. आता प्रश्न नावांचाच आला आहे. २०२२ च्या कायद्याने लहान गावांनाही प्रत्येक रस्त्याला नाव आणि घराला क्रमांक देणे बंधनकारक केले. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचावी, हा हेतू रास्तच. पण काही ठिकाणी त्या निमित्ताने जुन्या ब्रेटन नावांच्या जागी फ्रेंच नावे आली, आणि तेल्ग्रुक-स्यूर-मेरसारख्या गावात लोकांनी विरोध केला.

श्रोतेहो, गोव्यातला वाडा असो की बेळगावची गल्ली, महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वस्त्यांत पाटीवरचे नाव हा नाजूक विषय आहे. पाटीसाठी आपण भांडतो. शेताचे, झऱ्याचे, पाणंदीचे नाव मात्र कोणी लिहून ठेवत नाही. ते सांगणारी शेवटची पिढी आज आपल्या घरांत आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी आपापल्या गावाची सीमा एकदा पायी फिरावी. सोबत गावातले एखादे जाणते माणूस घ्यावे. नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, अर्थ विचारावा. नाव कोकणी निघो, कानडी निघो वा मराठी. एकाच जागेला दोन नावे असतील तर दोन्ही नोंदवावीत. अकादमीने या नोंदी छापाव्यात. हक्क सांगण्यासाठी नव्हे, तर उद्या कोणी विचारील तेव्हा उत्तर द्यायला काहीतरी हाती असावे म्हणून.