दम वाढवायचा, तर दमानं घ्या!

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



या व्यासपीठावर मी आजवर सतरंज्या अंथरायला आणि आरतीला झांजा वाजवायला आलो आहे. भाषणाची ही पहिलीच वेळ. चिटणीसांनी परवा फोन केला आणि म्हणाले, "तुमच्या त्या धावण्यावर अर्धा तास बोला." मी प्रशिक्षक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. शर्यतीत माझा नंबर नेहमी मागून मोजावा लागतो. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी ज्याला धड शंभर पावलं धावता येत नव्हती, तो माणूस पुढे 21 किलोमीटर कसा धावला, एवढं मी अनुभवावरून सांगू शकतो. त्यात माझ्या चुकाच जास्त आहेत. त्या ऐकून कुणाचे चार महिने वाचले, तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली म्हणेन.

लेझीम आणि फुटपाथ

गोष्ट 2014 सालच्या विसर्जनाची. आपली मिरवणूक पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्याकडे निघाली होती. मुलं लेझीम खेळत होती. मी सांगलीकडचा, शाळेत लेझीमपथकात पुढे असायचो. हात शिवशिवले, एका मुलाच्या हातून लेझीम घेतली आणि शिरलो रिंगणात. दोन फेऱ्या झाल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. सरळ फुटपाथवर जाऊन बसलो. पंधरा मिनिटं उठता आलं नाही. बाप्पा पुढे गेले आणि मी मागे.

पुढच्याच आठवड्यात तपासणी केली. रक्तदाब वाढलेला, साखर सीमारेषेवर. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हृदयविकार?" माझे वडील 58 व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. हे उत्तर देताना मनात आपोआप वजाबाकी झाली. 58 वजा 47. उत्तर आलं अकरा.

पहिली चूक : घाई

घाबरलेला माणूस घाई करतो. मीही केली. दुसऱ्याच दिवशी नवे बूट आणले आणि मरीनाला गेलो. गांधी पुतळ्यापासून जो सुटलो तो जीव तोडून. अर्ध्या किलोमीटरवर पोटात कळ. थांबलो, दम घेतला, पुन्हा तसाच धावलो. रोजचा हाच क्रम. महिन्याभरात दम थोडा वाढला, तसा चेव चढला. अंतर एकदम दुप्पट केलं. सातव्या आठवड्यात उजव्या नडगीत असं दुखू लागलं की जिना उतरता येईना. हाडाला बारीक चीर गेली होती. अडीच महिने धावणं बंद. सौभाग्यवती म्हणाल्या, "निदान हृदय तरी शाबूत आहे ना?" त्या विनोदात सगळं शास्त्र होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते शास्त्र असं. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच सुधारतात. एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं, दम लागणं कमी होतं आणि आपल्याला वाटतं, जमलं! पण कंडरा आणि हाडं यांचा कारभार सरकारी कचेरीसारखा. त्यांची फाईल हलायला महिने लागतात. इंजिन तयार, पण चाकं कच्ची. माझी नडगी गेली ती याच मधल्या काळात. धावायला नव्याने लागलेल्यांच्या पुष्कळशा दुखापती याच काळात होतात.

बेळगाव ते ऑकलंड

पाय बांधून घरी बसलो होतो, तेव्हा वाचन झालं. त्यात एक आपला माणूस सापडला. बेळगावचे फडेप्पा चौगुले. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा हजर होते. ते जिमखान्याचे अध्यक्ष. तिथे अनवाणी धावणारी, बहुतेक शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा चमू गेला. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, 42.75 किलोमीटर. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत धावून एकोणिसावे आले. म्हणजे किलोमीटरला साधारण 4 मिनिटं, आणि तेही जवळजवळ तीन तास!

मला वाटतं, या मंडळींचा पाया मैदानावर येण्याआधीच पक्का झालेला असणार. शेतातलं काम आणि कोसकोस चालणं लहानपणापासूनच. आपल्याच काळातला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शाळेसाठी रोज सहा-सहा किलोमीटर पायपीट करणारा हा मुलगा 2020 साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत धावला. आपण मात्र पंचवीस वर्षं खुर्चीत बसून काढलेली. आपल्याला पाया घालण्यापासून सुरुवात.

हा पाया कसा घालायचा, ते जगाला पटवून दिलं न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ऑकलंडला बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. स्वतःवर प्रयोग करून त्याने पद्धत बसवली : आधी कित्येक आठवडे आरामात, पण लांब धावायचं. वेग नंतर. त्यांचा शिष्य पीटर स्नेल धावायचा 800 मीटर, जेमतेम पावणेदोन मिनिटांची शर्यत. तरी लिडियार्ड त्याला आठवड्याला 160 किलोमीटरपर्यंत धावायला लावत. 1960 ला रोममध्ये स्नेलने सुवर्णपदक जिंकलं, 1964 ला टोकियोत आणखी दोन. पुढे याच लिडियार्डनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, हृदयविकार झालेल्या माणसांनाही सावकाश धावायला शिकवलं. ते वाचलं आणि मला धीर आला.

सावकाश धावताना स्नायूंना प्राणवायू पुरेसा मिळतो. इंधन म्हणून चरबी जास्त वापरली जाते. हे महिनोन्महिने चाललं की स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, आणि शाळेत शिकलेल्या त्या तंतुकणिका, म्हणजे पेशींमधल्या चुली, त्यांची संख्या वाढते. जास्त चुली पेटल्या की जास्त माणसांचा स्वयंपाक. दम वाढणं म्हणतात ते बरंचसं हेच.

आरतीची परीक्षा

"सावकाश म्हणजे किती?" असं तुम्ही विचाराल. त्याला घड्याळ नको. धावता धावता गणपतीची आरती म्हणून पाहा. दोन-तीन शब्दांगणिक श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. एक-एक ओळ नीट म्हणता आली, तर वेग बरोबर. ताना घेता आल्या, तर मात्र तुम्ही चालताय! सुरुवातीला माझा बरोबर वेग इतका कमी होता की फिरायला आलेले आजोबा माझ्या पुढे जायचे. लाज वाटायची. मरीनावर सुक्कु कापी, म्हणजे सुंठेची कॉफी, विकणारा एकजण मला रोज पाहायचा. एकदा म्हणाला, "मेल्ल, मेल्ल सार." हळू, हळू साहेब. त्याने लिडियार्डचं नावही ऐकलं नसेल, पण सल्ला तोच.

नडगी बरी झाल्यावर 2015 मध्ये पुन्हा श्रीगणेशा केला. आठवड्यातून तीन दिवस : मंगळवार, गुरुवार, रविवार. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. दर एक-दोन आठवड्यांनी धावण्याची मिनिटं थोडी वाढवायची. अर्धा तास सलग धावायला मला चार महिने लागले. त्यानंतर फक्त रविवारचं धावणं वाढवलं, एका वेळी फार तर एक किलोमीटर. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं.

यात नवीन काही नाही. आपली वारी पाहा. माउलींची पालखी आळंदीहून निघते ती अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट टप्प्याटप्प्याने चालत. पुणे ते सासवड हा दिवे घाट चढायचा मोठा टप्पा. पण त्याच्या आधी पुण्यात दोन दिवस मुक्काम आणि नंतर सासवडला दोन दिवस मुक्काम. अवघड दिवसाच्या दोन्ही अंगांना विसावा! विश्रांतीच्या दिवशीच शरीर बांधलं जातं. धावण्याच्या दिवशी फक्त मागणी नोंदवली जाते.

डिसेंबर 2015 चा पूर आपण सगळ्यांनीच सोसला. महिनाभर धावण्याचा विचारही डोक्यात नव्हता. पुन्हा सुरू केलं ते जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यापासून. खंड पडला तर हाच नियम पाळावा. 2016 अखेरपर्यंत 10 किलोमीटर जमू लागले.

चेन्नईचा घाम

दुसरी चूक त्यानंतरची, आणि ती जिवावर बेतली असती. 2017 चा मे महिना, अग्निनक्षत्राचे दिवस. आदल्या रात्री जागरण झालेलं, उठायला उशीर. तरी हट्टाने साडेसहाला निघालो, नेहमीच्या वेगाने. आठव्या किलोमीटरला दीपगृहाजवळ अंगावर काटा आला, चक्क थंडी वाजू लागली. चेन्नईत, मे महिन्यात! मला ते गंमतशीर वाटलं. चार पावलांवर तोल गेला. त्याच सुक्कु कापीवाल्याने धरून सावलीत बसवलं, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतलं आणि माझ्या फोनवरून घरी कळवलं. सौभाग्यवती रिक्षाने आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जगायला धावताय ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी बूट कपाटातून काढले नाहीत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. आपल्या किनाऱ्यावरची हवा इतकी दमट की घाम नुसता ओघळतो. त्यामुळे पुण्यात ज्या वेगाने आरती म्हणता येते, त्या वेगाने इथे येणार नाही. वेग कमी करायचा, त्यात कमीपणा नाही. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस अंतरही निम्मं. सूर्य वर यायच्या आत परत यायचं. अंगावर काटा, थंडी, चक्कर, मळमळ यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबायचं, सावली गाठायची, अंगावर पाणी घ्यायचं. बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर वेळ न घालवता इस्पितळ.

पाणी तहानेप्रमाणे प्यावं. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो कमी भरलं, म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. तो भरून काढायला मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा इथलं नीरमोर, म्हणजे आपलं पातळ ताक, याहून चांगलं पेय मला तरी सापडलेलं नाही.

एकवीस किलोमीटर

2019 च्या जानेवारीत चेन्नई मॅरेथॉनमध्ये अर्धं अंतर, म्हणजे 21.1 किलोमीटर धावलो. तयारीतलं माझं सर्वात लांब धावणं 18 किलोमीटरचं होतं. सुरुवातीला शेकडो माणसं पुढे गेली. मी मनात आरती म्हणत राहिलो. सोळा किलोमीटरनंतर, जे पुढे गेले होते त्यांतले बरेच चालताना भेटू लागले. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात 2 तास 51 मिनिटं झाली होती. म्हणजे चौगुल्यांना पूर्ण मॅरेथॉनला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझी अर्धी! आता सौभाग्यवतीही धावतात. मे महिन्यातल्या त्या प्रसंगानंतर, "तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं" म्हणून त्या येऊ लागल्या. आज 10 किलोमीटरमध्ये त्या माझ्या पुढे असतात आणि लक्ष मला ठेवावं लागतं.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांना हात जोडून विनंती. चाळिशी उलटली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं तर "गॅस असेल" म्हणू नका. पहिलं वर्षभर वेगाचं नाव काढू नका. आणि शेजाऱ्याच्या वेगाशी तुलना नको, आपल्या कालच्या आरतीशी करा.

मित्रहो, यंदा मी 58 वर्षं पूर्ण केली. धावल्याने माणूस अमर होत नाही, हे मला ठाऊक आहे. वडिलांनी आयुष्यभर कष्ट केले, त्यांना स्वतःच्या तब्येतीसाठी सकाळचा अर्धा तास कधी मिळालाच नाही. मला तो मिळाला, तो वाया घालवायचा नाही, एवढंच मी ठरवलं आहे. परवाच्या मिरवणुकीत मी पुन्हा लेझीम धरणार आहे आणि किनाऱ्यापर्यंत बाप्पांच्या बरोबर राहणार आहे.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे 5 वाजता, बेझंटनगरच्या किनाऱ्यावर, कार्ल श्मिट स्मारकापाशी आम्ही दोघं उभे असू. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. मग इडली. ज्यांना यायचं त्यांनी जरूर यावं. बूट असलेच पाहिजेत असं नाही, पण घाई मात्र घरी ठेवून यावी.

गणपती बाप्पा मोरया!