हातांची विद्या आणि आमची शिष्यवृत्ती


ज्या खडकीत आपण जमलो आहोत तेथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा आला. आपल्यापैकी कित्येकांच्या चुली या भोंग्यांवरच पेटल्या. तथापि मंडळाची शिष्यवृत्ती मात्र आजवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसच!

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवारांस विद्यावेतन मिळू लागले, हे खरे; परंतु त्याआधीच्या आयटीआयच्या वर्षांचा भार बापावरच पडतो. शिवाय मायक्रोमीटर हाती घेतल्यावाचून मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे फळ्यावरून उमगत नाही. त्यास जाणता कारागीरच हवा, आणि तसे निवृत्त फिटर-टर्नर येथे समोरच बसले आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. निम्मी शिष्यवृत्ती आयटीआयच्या मुलामुलींस मिळावी, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. काही पदवीधर सभासद रुष्ट होतील, हे आम्ही जाणतो.