जिना चढतानाचा दम



मी वैद्य नव्हे, निवृत्त शिक्षक आहे; परंतु घरी जे शिकलो ते निवेदन करतो. माझ्या पत्नीस सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा विकार आहे. त्यात कातडी ताठरते, थंडीत बोटे पांढरी पडतात. पुढे जिना चढताना तिला दम लागू लागला. ‘वय झाले’ म्हणून मी वर्षभर दुर्लक्ष केले. ती चूक माझी.

या विकारात फुफ्फुसांतील रक्तवाहिन्याही अरुंद होऊ शकतात. बसल्या जागी तेथील दाब ठीक असू शकतो. श्रम करताना रक्तप्रवाह वाढतो, वाहिन्या पुरेशा फुलत नाहीत आणि दाब चढतो. प्रवाह मिनिटास एक लिटरने वाढला असता सरासरी दाब पाऱ्याच्या ३ मिलिमीटरांहून अधिक वाढावा, अशी श्रमकालीन दाबवाढीची व्याख्या युरोपीय तज्ज्ञांनी २०२२ साली केली. म्हणून विश्रांतीतील तपासणी निर्दोष आली तरी दम लागतो हे डॉक्टरांस अवश्य सांगावे व दरवर्षी तपासणी करावी.

घरातील कोणी जिन्यावर थांबले, तर घाई करू नका. आस्थेने विचारपूस करा, एवढीच विनंती.