एक शब्द, अनेक भार
(व्याख्यानाचे शब्दांकन)

मध्यमवर्गीय घरातील एक सकाळ डोळ्यांसमोर आणावी. मुलगा विचारतो, "मोबाइल चार्ज झाला का?" वडील विजेचे बिल पाहत म्हणतात, "या महिन्यात चार्जेस फारच लावलेत!" आई शिक्षिका आहे. मुख्याध्यापिका रजेवर गेल्यामुळे शाळेचा चार्ज तिच्याकडे आला आहे. इतक्यात आजोबा वृत्तपत्रातून मान वर करून सांगतात, "अखेर त्या अधिकाऱ्यावर चार्जशीट दाखल झाली." पाच मिनिटांत एकच इंग्रजी शब्द चार वेळा उच्चारला गेला आणि चारही वेळा त्याचा अर्थ निराळा होता.

एका शब्दाला इतके अर्थ आले कोठून? त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत ओझे लादण्याचे क्रियापद तयार झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. 'कार', 'कार्गो' इतकेच काय, 'कॅरिकेचर' हेही याच कुळातील शब्द होत. मूळ अर्थ एकच, तो म्हणजे भार घालणे. खांद्यावर जबाबदारी घातली, तो चार्ज. ग्राहकावर पैशाचा बोजा टाकला, तो चार्ज. एखाद्याच्या माथी दोष ठेवला, तोही चार्ज. तोफेत ठासलेली दारूही चार्जच. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी विजेच्या प्रयोगांसाठी हाच शब्द योजला. तोफांच्या रांगेला असलेले 'बॅटरी' हे नावही त्यांनीच वीज साठवणाऱ्या बरण्यांच्या संचाला दिले. शत्रूवर वेगाने तुटून पडणे हाही चार्जच. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांवर धावून गेले. तो हल्ला इंग्रजी इतिहासात याच शब्दाने ओळखला जातो.

विशेष म्हणजे संस्कृत-मराठीतील 'भार' शब्दानेही असाच प्रवास केला आहे. 'भृ' म्हणजे वाहणे, धारण करणे. त्यापासून भार, भृत्य, भर्ता हे शब्द आले. पदभार, कार्यभार, अधिभार, भारनियमन, पदार्थविज्ञानातील विद्युतप्रभार हा सारा त्याचाच परिवार. उपकाराचे ओझे मान्य करणारा 'आभार'ही त्यातलाच. दोन दूरच्या भाषांनी एकाच अनुभवावरून शब्द घडवावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु मराठी तेथेच थांबली नाही. तिने प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र शब्द दिला. वीजबिलावर 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' छापलेला असतो. कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर 'बोजा' चढतो आणि कर्ज फिटले की तो उतरतो. कार्यालयात 'पदभार' स्वीकारतात, जमावावर 'लाठीमार' होतो, सैन्य 'चढाई' करते. जेथे इंग्रजी वाचकाला संदर्भ पाहून अर्थ ठरवावा लागतो, तेथे मराठी शब्द स्वतःच अर्थ सांगतो. या सगळ्या शब्दांच्या जागी 'चार्ज' बसवला, की बोलणे सोपे होते. पण नेमकेपणा जातो.

हे नुकसान केवळ भाषेचे नाही. आजोबांच्या वाक्याकडे पुन्हा वळावे. 'चार्जशीट दाखल झाली' हे ऐकताच घरातील प्रत्येकाने त्या अधिकाऱ्याला मनोमन दोषी ठरवले. वस्तुतः कायद्याच्या भाषेत तो तपासाअंती न्यायालयाला सादर झालेला पोलीस अहवाल असतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची तरतूद आहे. अहवाल आल्यावर न्यायालय कागदपत्रे पाहते, दोन्ही बाजू ऐकते. प्रथमदर्शनी आधार नसेल तर खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपीला मुक्त करते. इंग्रजीत यालाच 'डिस्चार्ज' म्हणतात, म्हणजे भार उतरवणे. आधार असेल तर न्यायालय 'दोषारोप' निश्चित करते. खरा 'चार्ज' तो. त्यानंतर साक्षीपुरावे होतात आणि मग निकाल लागतो.

पोलिसांचा अहवाल, न्यायालयाचा दोषारोप आणि सिद्ध झालेला अपराध या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. घरोघरी मात्र एकाच शब्दात त्या तिन्ही मिसळतात. पुढे तो मनुष्य निर्दोष सुटला, तरी शेजाऱ्यांच्या नजरेतील डाग जात नाही. त्याची मुले शाळेत त्याच नजरेला सामोरी जातात. शब्दाचा सैल वापर असा एखाद्या कुटुंबाच्या अब्रूवर येऊन पडतो.

इंग्रजीचा द्वेष करावा, असा याचा अर्थ नव्हे. मोबाइल खुशाल चार्ज करावा. तेथे गैरसमजाला जागा नाही. मात्र पैसा, पद आणि प्रतिष्ठा यांचा प्रश्न असेल तेथे क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, हा आकार आहे, बोजा आहे, पदभार आहे की दोषारोप? मराठीत चारही शब्द तयार आहेत. ते वापरण्याची सवय घरातच लागायला हवी. आजोबांनी उद्या वृत्तपत्र वाचताना "पोलिसांनी अहवाल दिला आहे, न्यायालयाचा निर्णय अजून व्हायचा आहे" एवढे जरी म्हटले, तरी ऐकणाऱ्या नातवंडांना मराठी आणि न्याय या दोहोंचा एक धडा मिळेल.